तिसरा घटक नेमका कशासाठी? सेंद्रिय प्रकाश-सेन्सर बनवायला घेणाऱ्यांसाठी

सेंद्रिय सोलर सेल आणि सेंद्रिय प्रकाश-सेन्सर यांत पदार्थ जवळजवळ तेच, काच तीच, द्रावण काचेवर फिरवून पातळ थर देणारा स्पिन कोटरही तोच. त्यामुळे सोलर सेलचं वाचून आलेला विद्यार्थी सेन्सरकडेही त्याच नजरेने बघतो: दोन पदार्थांच्या मिश्रणात, म्हणजे ब्लेंडमध्ये, तिसरा घालायचा तो जास्त प्रकाश शोषला जावा म्हणून. सोलर सेल भर उन्हात राबतो, त्याला ते पुरतं. सेन्सरला मात्र अगदी मंद उजेड ओळखायचा असतो, आणि उजेड नसेल तेव्हा त्यातून काहीही वाहता कामा नये. प्रत्यक्षात अंधारातही थोडा करंट वाहतोच. त्याला डार्क करंट म्हणतात, आणि सेन्सर चांगला की सुमार हे बहुतेक वेळा तिथेच ठरतं.

म्हणून या लेखात मी एकच गोष्ट लावून धरणार आहे. तिसरा घटक निवडण्याआधी तुमच्या सेन्सरचा डार्क करंट कुठून येतो ते शोधा, आणि त्या कारणावर लागू पडेल असाच घटक घ्या. तुम्ही गोव्यात ताळगावच्या पठारावर असा, फर्मागुडीला असा की झुआरीनगरला, एमएस्सीच्या किंवा बीईच्या प्रकल्पाला मिळणारे महिने थोडे असतात, आणि त्यातले बरेचसे पावसाळ्यात जातात. दिसेल तो पदार्थ मिसळून बघायला तेवढा वेळ पुरत नाही.

आधी एवढं समजून घ्या

प्लास्टिकमधून वीज वाहू शकते हे १९७७ साली पॉलिॲसिटिलीनवरच्या कामातून पुढे आलं. त्यासाठी हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांना २००० साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. १९८६ मध्ये चिंग टँग यांनी दोन सेंद्रिय थर एकावर एक ठेवून सुमारे १ टक्का कार्यक्षमतेचा सेल दाखवला. पुढची मोठी उडी १९९५ च्या सुमारास: थर एकावर एक न ठेवता दोन्ही पदार्थ एकाच द्रावणात मिसळायचे. आपण आज जो ब्लेंड म्हणतो तो हाच.

मिसळायची गरज का पडली, हे पक्कं डोक्यात बसू द्या. सिलिकॉनवर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर उरलेली रिकामी, धन जागा) जवळजवळ आपोआप वेगळे होतात. सेंद्रिय पदार्थात ते एकमेकांना धरून राहतात. या जोडीला एक्सायटॉन म्हणतात. ती तोडायला साधारण ०.३ ते ०.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, आणि खोलीच्या तापमानाला उष्णतेकडून मिळतात जेमतेम ०.०२५. म्हणून शेजारी दुसरा पदार्थ लागतो, जो इलेक्ट्रॉन ओढून घेईल. देणारा तो डोनर, घेणारा तो ॲक्सेप्टर. शिवाय एक्सायटॉन फार दूर जाऊ शकत नाही, सुमारे १० नॅनोमीटरच्या आत त्याला ही सीमा सापडावी लागते. म्हणजे दोघं बारीक मिसळलेले हवेत, पण इतकेही नकोत की सुटलेल्या इलेक्ट्रॉनला इलेक्ट्रोडपर्यंत सलग वाटच उरणार नाही. सोलकढी बराच वेळ तशीच ठेवली की वर दाट आणि खाली पाणी असं फुटतं ना, ब्लेंडही वाळताना तसाच फुटू पाहतो. तो किती फुटू द्यायचा आणि कुठे थांबवायचा, यातच निम्मं कौशल्य आहे. तिसऱ्या घटकाचा एक मोठा उपयोगही इथेच होतो.

पहिली पायरी: सेन्सर कशासाठी, ते आधी ठरवा

"४०० ते १००० नॅनोमीटर सगळं दिसणारा सेन्सर" हे ध्येय ऐकायला छान वाटतं, पण त्याची किंमत मोजावी लागते. बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनला मोकळा व्हायला लागणारी किमान ऊर्जा, जितका लहान तितका लांब तरंगलांबीचा प्रकाश शोषला जातो, आणि तितकाच उष्णतेने आपोआप तयार होणारा करंटही वाढतो. आदर्श गणितात गॅप ०.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टने घटला की हा करंट जवळजवळ ५० पट होतो. गॅपच्या मधोमध असलेल्या ट्रॅपमधून, म्हणजे चार्ज अडकवणाऱ्या जागांमधून, तो येत असेल तर वाढ साधारण ७ पट. दोन्ही आकडे छोटे नाहीत. गरज नसेल तर इन्फ्रारेडमध्ये शिरू नका.

दोन उदाहरणं घेऊ. बोटाला लावायच्या पल्स ऑक्सिमीटरला ६६० आणि ९४० नॅनोमीटर असे दोन प्रकाश ओळखावे लागतात. तिथे इन्फ्रारेडला पर्याय नाही. आता समजा तुम्हाला मांडवीच्या पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींचा अंदाज घ्यायचा आहे. क्लोरोफिलवर निळा प्रकाश टाकला की ते ६८५ नॅनोमीटरच्या आसपास लाल प्रकाश परत सोडतं. इथे ७५० च्या पुढे दिसणारा सेन्सर उलट अडचणीचा ठरतो, कारण उन्हातला इन्फ्रारेड विनाकारण मोजला जातो आणि डार्क करंटही वाढतो. काम बदललं की योग्य ब्लेंड बदलतो.

तरंगलांबी ठरली की अपेक्षित प्रतिसाद कागदावर काढून ठेवा. रिस्पॉन्सिव्हिटी म्हणजे दर वॉट प्रकाशामागे मिळणारा करंट. ती काढायची अशी: बाह्य क्वांटम कार्यक्षमता (ईक्यूई, म्हणजे पडलेल्या फोटॉनपैकी किती टक्क्यांचा करंट होतो) गुणिले नॅनोमीटरमधली तरंगलांबी, भागिले १२४०. ईक्यूई ७० टक्के असेल तर ६६० ला सुमारे ०.३७ आणि ९४० ला सुमारे ०.५३ अँपिअर प्रति वॉट. या आकड्यात तुम्ही फार तर दीडपट सुधारणा करू शकता, कारण ईक्यूई साधारणपणे १०० टक्क्यांना थांबते. डार्क करंट मात्र शंभरपट, हजारपट खाली आणता येतो. मेहनत कुठे करावी ते यावरून कळतं.

दुसरी पायरी: दोन घटकांचा ब्लेंड आधी जमवा

अगदीच नवीन असाल तर पी३एचटी (डोनर पॉलिमर) आणि पीसी६१बीएम (फुलरीन ॲक्सेप्टर) घ्या. वजनाने १:१, क्लोरोबेंझिनमध्ये, आणि फिल्म १४० ते १५० अंशांवर दहा मिनिटं. हा ब्लेंड ६५० नॅनोमीटरच्या पुढे फारसा बघत नाही, पण समजूतदार आहे, हात बसायला उत्तम. त्यावर एकसारखे नमुने निघायला लागले की पीएम६ (डोनर) आणि वाय६ (ॲक्सेप्टर) यांच्याकडे या. त्याची २०१९ पासून रूढ झालेली कृती अशी: १:१.२ प्रमाण, क्लोरोफॉर्ममध्ये एकूण १६ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, ०.५ टक्के क्लोरोनॅफ्थॅलिन, स्पिन कोटरचे मिनिटाला ३००० फेरे, नंतर ११० अंशांवर दहा मिनिटं.

एक फरक लक्षात ठेवा. ही कृती सोलर सेलची आहे, तिच्यातून येणारी फिल्म १५० नॅनोमीटरच्या आसपास असते. सेन्सरला मी नेहमी जाड फिल्म सुचवते, २०० ते ३०० नॅनोमीटर. द्रावण थोडं दाट करा किंवा फेरे कमी करा. जाड फिल्ममध्ये छिद्रं आरपार जात नाहीत आणि उलट्या व्होल्टेजला विद्युतक्षेत्रही सौम्य राहतं.

रचना उलटी ठेवा: आयटीओ या पारदर्शक, वीजवाहक थराची काच, त्यावर झिंक ऑक्साइड, मग ब्लेंड, मग १० नॅनोमीटर मॉलिब्डेनम ऑक्साइड आणि वर चांदी. एका काचेवर चार-सहा पिक्सेल असू द्या. सगळे पिक्सेल एकमेकांच्या जवळपास आले नाहीत तोवर तिसऱ्या घटकाचं नाव काढू नका.

तिसरी पायरी: डार्क करंट कुठून येतो, ते शोधा

हा टप्पा मुलं हमखास गाळतात. कारणं मुख्यतः चार, आणि प्रत्येकाची खूण वेगळी.

पहिलं कारण गळती. फिल्ममध्ये छिद्र, धुळीचा कण, आयटीओच्या काठावर विरळ झालेली फिल्म. खूण सोपी: अंधारात अधिक आणि उणे अर्ध्या व्होल्टपर्यंतचा करंट बघा. दोन्ही बाजू आरशासारख्या सारख्या दिसल्या तर तो एकाच दिशेने करंट जाऊ देणारा डायोड राहिलेला नाही, गळका रेझिस्टर झाला आहे. इथे कुठलाही तिसरा घटक कामाचा नाही. गाळणी, जाडी आणि काचेची सफाई यांच्याकडे वळा.

दुसरं कारण इलेक्ट्रोडमधून होणारी घुसखोरी. उलटं व्होल्टेज दिलं की धातूतून नको तो चार्ज ब्लेंडमध्ये शिरतो. व्होल्टेज वाढवत नेलं की करंट झपाट्याने चढतो. याला मुख्य औषध म्हणजे चांगला ब्लॉकिंग थर. पण ब्लेंडचाही हात असतो: डोनर खाली झिंक ऑक्साइडपर्यंत पोचून त्याला टेकलेला असेल तर घुसखोरीला सरळ रस्ता मिळतो. कुठला पदार्थ वर तरंगतो आणि कुठला तळाशी बसतो हे बदलणारा तिसरा घटक इथे मदत करू शकतो.

तिसरं, डोनर आणि ॲक्सेप्टरच्या सीमेवर उष्णतेने तयार होणारे चार्ज. आणि चौथं, ट्रॅप: पदार्थातली अशुद्धी, साखळीतले दोष, ऑक्सिजन-पाण्याने झालेली खराबी यांमुळे गॅपच्या मधल्या भागात तयार झालेल्या जागा. या दोन्हींत करंट व्होल्टेजने फारसा वाढत नाही, तापमानाने मात्र भरभर वाढतो. हॉट प्लेटवर नमुना २५ पासून ६५ अंशांपर्यंत हळूहळू नेत डार्क करंट मोजा आणि त्याचा लॉगरिदम तापमानाच्या व्यस्ताशी काढा. त्या रेषेच्या उतारावरून येणारी ऊर्जा गॅपच्या जवळ आली तर तिसरं कारण, अर्ध्याच्या आसपास आली तर ट्रॅप. तिसऱ्या घटकाचं खरं कर्तृत्व या दोन कारणांवर दिसतं.

चौथी पायरी: घटक निवडा

आता निवड सोपी होते, कारण तुम्हाला काय हवंय ते माहीत आहे.

ट्रॅप आणि अव्यवस्था हे दुखणं असेल तर पीएम६-वाय६ मध्ये पीसी६१बीएमच्याच जातीचा थोडा पीसी७१बीएम घालून बघणं ही चांगली सुरुवात. त्याचा गॅप मोठा, होमो पातळी (इलेक्ट्रॉन भरलेली सर्वात वरची ऊर्जापातळी, होल तिच्यावरून वाहतो) खोल, म्हणजे तो होल अडकवत नाही. इलेक्ट्रॉन वाहून नेण्यात तो वाकबगार आहे, आणि वाय६ च्या रेणूंच्या मांडणीत हलका बदल करून इलेक्ट्रॉनची वाट सुधारतो. ५०० नॅनोमीटरच्या खाली थोडं शोषणही वाढतं, ती वरकड कमाई.

सीमेवरची उष्णतेची निर्मिती कमी करायची तर डोनर-ॲक्सेप्टरचा थेट संपर्क जिथे अनावश्यक आहे तिथे तो कमी केला पाहिजे. मोठ्या गॅपचा घटक, किंवा पॉलिस्टायरिनसारखं साधं विद्युतरोधक पॉलिमर थोड्या प्रमाणात, हे काम करतं. पहिल्यांदा ऐकलं की विचित्र वाटतं, विद्युतरोधक मिसळून सेन्सर सुधारायचा? पण प्रकाशातला करंट थोडा घटून अंधारातला कितीतरी पट घटत असेल तर तो सौदा फायद्याचाच आहे.

आणि इन्फ्रारेड खरोखर हवाच असेल तर? वाय६ चं शोषण ९३० नॅनोमीटरच्या आसपास संपतं, ९४० ला ते कमी पडतं. आयईआयसीओ-४एफ या ॲक्सेप्टरचं जवळजवळ १००० पर्यंत जातं. मग पीएम६-वाय६ मध्ये तेच घालावं असं कुणालाही वाटेल. इथे क्षणभर थांबून पातळ्या बघा. पीएम६ ची होमो सुमारे उणे ५.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, आयईआयसीओ-४एफ ची सुमारे उणे ५.४४. म्हणजे होल पीएम६ वर जायला तयारच नाही. तो आयईआयसीओ-४एफ वरच रेंगाळेल. शोषणाचा आलेख सुंदर दिसेल आणि ईक्यूई मात्र ९४० ला हलणार नाही. आयईआयसीओ-४एफ ची जोडी पीटीबी७-टीएच या डोनरशी लावतात ती यासाठीच. त्याची होमो उणे ५.२ च्या जवळ असल्याने होलला उतरायला जागा मिळते. म्हणून ९४० साठी मी पीटीबी७-टीएच आणि आयईआयसीओ-४एफ हा मूळ ब्लेंड धरेन आणि त्यात तिसरा म्हणून पीसी७१बीएम घालेन, डार्क करंट आवरायला.

पातळ्यांच्या आकड्यांबद्दल एक सावधगिरी. सायक्लिक व्होल्टामेट्रीने काढलेली होमो आणि फोटोइलेक्ट्रॉन स्पेक्ट्रोस्कोपीने काढलेली होमो यांत ०.२-०.३ चा फरक सहज पडतो. तिन्ही पदार्थांचे आकडे एकाच पद्धतीचे, शक्यतो एकाच प्रयोगशाळेचे घ्या.

तिसरा घटक ब्लेंडमध्ये कुठे जाऊन बसेल, याचा अंदाज फार खर्च न करता काढता येतो. तिन्ही पदार्थांच्या स्वतंत्र फिल्म करा, त्यांवर पाण्याचा आणि डायआयोडोमिथेनचा थेंब ठेवून कोन मोजा. त्यावरून पृष्ठऊर्जा निघते. ज्यांच्या पृष्ठऊर्जा जवळजवळ त्या दोघांचं पटतं. तिसऱ्याची वाय६ शी जुळत असेल तर तो त्याच्याच वस्तीत जाऊन बसेल. दोघांच्या मधली असेल तर सीमेवर राहण्याची शक्यता. कोन मोजायचं महागडं यंत्र नसेल तरी चालेल, मोबाईलचा कॅमेरा आडवा ठेवून काढलेला स्वच्छ फोटो आणि कोन मोजणारं फुकट सॉफ्टवेअर तुलनेपुरतं काम भागवतं.

पाचवी पायरी: द्रावण

१:१:०.२ अशा प्रमाणात १ मिलिलिटर द्रावण करायचं म्हटलं तर एकूण १६ मिलिग्रॅमपैकी तिसरा घटक येतो १.४५ मिलिग्रॅम. तुमचा तराजू ०.१ मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा असेल तर तिथेच ७ टक्के चूक. मग ५ टक्के आणि १० टक्के नमुन्यांची तुलना करण्यात अर्थ काय?

त्यापेक्षा दोन साठ्याची द्रावणं करा. पहिलं पीएम६ आणि वाय६, १:१.२. दुसरं पीएम६ आणि तिसरा घटक, तेही १:१.२, आणि एकूण दाटपणा दोन्हींचा सारखा. आता मायक्रोपिपेटने ९०० मायक्रोलिटर पहिलं आणि १०० मायक्रोलिटर दुसरं घेतलं की प्रमाण १:१.०८:०.१२. डोनरचा वाटा कुठल्याही मिश्रणात हलत नाही, फक्त ॲक्सेप्टरची वाटणी बदलते. दुसऱ्या द्रावणाचा वाटा ०, ५, १०, २०, ३० टक्के एवढी मालिका पुरे. शंभर टक्क्यांचा नमुनाही करा. तो वाईटच येईल, पण बाकीचे कुठे झुकताहेत ते त्याच्याशिवाय समजत नाही.

क्लोरोफॉर्म ६१ अंशांना उकळतो. पिपेटच्या टोकातून तो आपणहून गळतो, म्हणून आधी दोन-तीनदा आत-बाहेर करून टोक वाफेने भरून घ्या, आणि बाटलीचं झाकण उघडं टाकून गप्पा मारू नका. काम फ्यूम हूडमध्येच. नेहमीचे निळे नायट्राइल मोजे क्लोरोफॉर्मला फार वेळ अडवत नाहीत. थेंब पडला की मोजा लगेच बदला. द्रावण रात्रभर ढवळा, वापरण्याआधी ०.४५ मायक्रॉनच्या पीटीएफई गाळणीतून गाळा.

सहावी पायरी: फिल्म, आणि गोव्याची हवा

इथे बाहेरच्या प्रयोगशाळांच्या कृती जशाच्या तशा चालत नाहीत. जुलैत आपल्याकडे सकाळची आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास असते, आणि तिचा परिणाम तुम्हाला डोळ्यांनी दिसतो. ग्लोव्ह बॉक्सच्या (हातमोज्यांतून काम करायच्या बंद पेटीच्या) बाहेर क्लोरोफॉर्मची फिल्म फिरवून बघा. द्रावण पसरतं, रंग चढतो, आणि दोन सेकंदांत फिल्म अचानक दुधाळ होते. क्लोरोफॉर्म उडताना फिल्म गार पडते, हवेतली वाफ तिच्यावर बारीक थेंबांनी जमते, थेंब वाळले की त्यांच्या जागी गोल खड्डे राहतात. मायक्रोस्कोपखाली ते जाळीसारखे ओळीने मांडलेले दिसतात. त्या खड्ड्यांवर चांदी बसली की झालीच गळती, आणि तुम्ही दोष देणार तिसऱ्या घटकाला.

म्हणून ब्लेंडची फिल्म नायट्रोजनच्या ग्लोव्ह बॉक्समध्येच, ऑक्सिजन आणि पाणी १ पीपीएमच्या खाली असताना. बॉक्स नसेल किंवा बंद पडला असेल तर क्लोरोफॉर्म सोडा आणि ऑर्थो-झायलिन किंवा क्लोरोबेंझिनसारखं सावकाश उडणारं द्रावक घ्या, खोलीत डीह्युमिडिफायर लावा, काच कोमट करून फिरवा. दर्जा थोडा उतरतो, पण खड्डे पडत नाहीत.

झिंक ऑक्साइडचंही तसंच. झिंक ॲसिटेट, मेथॉक्सिइथेनॉल आणि इथेनॉलअमाइनच्या द्रावणातून तो हवेत तापवून करतात, आणि त्या प्रक्रियेत हवेतलं पाणी भाग घेतं. जानेवारीतला थर आणि जुलैतला थर एकच समजू नका. आर्द्रता मोजणारं साधं घड्याळासारखं यंत्र स्पिन कोटरच्या शेजारी ठेवा आणि प्रत्येक काचेच्या नोंदीपुढे तो आकडा लिहा. आणखी एक: ०, ५, १० असे नमुने क्रमाने करू नका. सकाळी ० टक्के आणि संध्याकाळी ३० टक्के असं झालं तर तुम्ही घटक मोजताय की दिवसभरात बदललेली हवा, ते सांगता येणार नाही. चिठ्ठ्या टाका आणि तो क्रम पाळा.

मॉलिब्डेनम ऑक्साइड पाणी ओढतो, तेव्हा बाष्पीभवनानंतर नमुने बाहेर उघडे ठेवू नयेत. एएफएमसाठी (पृष्ठभागाचा उंचसखलपणा मोजणाऱ्या मायक्रोस्कोपसाठी) दुसऱ्या संस्थेत न्यायचे असतील, म्हणजे जुवारी नदी ओलांडून पलीकडे जायचं असेल, तर बॉक्सच्या आतच डबी बंद करून, ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळून, निळ्या सिलिका जेलसकट न्या. जेल गुलाबी झालेलं दिसलं तर त्या नमुन्याचं माप नोंदवू नका. आणि वादळाच्या दिवशी वीज जाते हे गृहीत धरून धातूचं बाष्पीभवन दुपारी उशिरा सुरू करू नये, अर्धवट थराचा नमुना वायाच जातो.

सातवी पायरी: मोजा, पण घाई न करता

डार्क करंट मोजताना सर्वात मोठी फसगत नमुन्याच्या कपॅसिटन्समुळे होते. ०.०४ चौरस सेंटीमीटरचा पिक्सेल, २०० नॅनोमीटर जाडी, डायइलेक्ट्रिक स्थिरांक ३.५ धरला तर कपॅसिटन्स येतो सुमारे ६२० पिकोफॅरड. व्होल्टेज सेकंदाला ०.१ व्होल्ट या वेगाने फिरवलं तर केवळ त्याला चार्ज करायला ६२ पिकोअँपिअर लागतात. आणि १ नॅनोअँपिअर प्रति चौरस सेंटीमीटर हा उत्तम डार्क करंट या पिक्सेलवर किती? ४० पिकोअँपिअर. म्हणजे आलेखावर दिसतो त्यातला मोठा भाग सेन्सरचा नाहीच. उपाय: एक व्होल्टेज लावा, करंट स्थिर होईपर्यंत थांबा, आकडा घ्या, मग पुढच्या व्होल्टेजला जा. मोजण्याआधी नमुना काही काळ पूर्ण अंधारात ठेवा, कारण उजेडात ट्रॅपमध्ये भरलेले चार्ज बराच वेळ निथळत राहतात. काळं कापड पुरत नाही, धातूची बंद पेटी घ्या. ती विजेचा गोंगाटही अडवते.

ईक्यूई मोजताना सिलिकॉनच्या प्रमाणित फोटोडायोडने दिव्याची तीव्रता रोज तपासा. उलट्या व्होल्टेजला ईक्यूई १०० टक्क्यांच्या वर गेली तर लगेच यंत्राला दोष देऊ नका. ॲक्सेप्टर फारच कमी असेल, जसं पी३एचटी आणि पीसी७१बीएम १००:१, तर अडकलेले इलेक्ट्रॉन बाहेरून होल ओढून आणतात आणि करंट अनेक पट होतो. तो वेगळ्या जातीचा सेन्सर, वेगाने मंद. त्याची तुलना आपल्या डायोडशी करू नये.

मग येतो सगळ्यांचा आवडता आकडा, डिटेक्टिव्हिटी: सेन्सर किती मंद उजेड ओळखू शकतो त्याचं माप. डार्क करंटच्या शॉट नॉइजवरून (करंट एकेका इलेक्ट्रॉनने वाहतो म्हणून होणाऱ्या चढउतारावरून) तो चटकन काढता येतो: रिस्पॉन्सिव्हिटी ०.४८ आणि डार्क करंट १ नॅनोअँपिअर प्रति चौरस सेंटीमीटर असेल तर सुमारे २.७ गुणिले १०चा १३वा घात जोन्स (हे त्याचं एकक). दिसायला भारी. पण हा वरचा अंदाज आहे, मोजमाप नाही. शून्य व्होल्टला डार्क करंट शून्याकडे जातो आणि हेच सूत्र डिटेक्टिव्हिटी अनंत सांगू लागतं. तिथे शंट रेझिस्टन्सचा (गळतीच्या वाटेच्या रोधाचा) थर्मल नॉइज, म्हणजे उष्णतेचा गोंगाट, धरावा लागतो. अडीच गिगाओहमच्या नमुन्यात तो एका चौरसमूळ हर्ट्झमागे सुमारे २.६ फेम्टोअँपिअर येतो, वरच्या ४० पिकोअँपिअरच्या शॉट नॉइजच्या, म्हणजे सुमारे ३.६ फेम्टोअँपिअरच्या, तोडीचा. शिवाय कमी फ्रीक्वेन्सीला फ्लिकर नॉइज, म्हणजे फ्रीक्वेन्सी घटली की वाढत जाणारा गोंगाट, या दोघांवर मात करतो, आणि त्याला कुठलं सोपं सूत्र नाही. लो-नॉइज ॲम्प्लिफायर लावून तो मोजायलाच हवा, आणि आधी नमुना न जोडता ॲम्प्लिफायरचा स्वतःचा नॉइज नोंदवायला हवा.

कुठल्या फ्रीक्वेन्सीला मोजायचं, ते पुन्हा कामावरून ठरतं. नाडीचे ठोके मिनिटाला ६० ते १००, म्हणजे १ ते १.७ हर्ट्झ, नेमके फ्लिकर नॉइजच्या तावडीत. म्हणून ऑक्सिमीटरमध्ये एलईडी सेकंदाला शेकडो वेळा चमकवतात आणि सिग्नल वरच्या फ्रीक्वेन्सीला नेऊन वाचतात. तुमचा सेन्सर त्यासाठी असेल तर काहीशे हर्ट्झला मोजलेला नॉइज द्या.

वेगाची काळजी बहुधा लागत नाही. वरचाच पिक्सेल १०० ओहमच्या जोडणीत २.५ मेगाहर्ट्झपर्यंत चालू शकतो, अर्थात चार्ज बाहेर यायला वेळ लावत नसतील तर. तिसऱ्या घटकाने वाट अडवली की इथे लगेच कळतं: प्रकाश बंद केल्यावर करंट झटकन न उतरता लांब शेपूट काढतो. हे ऑसिलोस्कोपवर बघायला पाच मिनिटं लागतात, प्रत्येक प्रमाणाला बघा.

आता तिसऱ्या पायरीतली तापमानाची चाचणी सर्वोत्तम प्रमाणाच्या नमुन्यावर पुन्हा करा. डार्क करंट घटला आणि उतारावरून निघणारी ऊर्जा वाढली, तर ट्रॅप खरंच कमी झाले. घटला पण ऊर्जा तीच राहिली, तर कदाचित फक्त जाडी बदलली असेल किंवा गळती थांबली असेल. मग त्याच जाडीचा दोन घटकांचा नमुना करून बघा. हा नमुना नसेल तर मी कुठल्याही विद्यार्थ्याच्या निष्कर्षावर सही करत नाही.

टिकाऊपणाबद्दल

नमुन्यावर यूव्हीने घट्ट होणारा इपॉक्सी आणि वर काचेचा तुकडा लावून तो बंद करा. इपॉक्सी घट्ट करताना ब्लेंडवर थेट यूव्ही पडू देऊ नका, कारण यूव्हीखाली झिंक ऑक्साइड वाय६ च्या जातीच्या रेणूंना हळूहळू तोडतो. तो त्रास फारच दिसला तर झिंकऐवजी टिन ऑक्साइडचा थर वापरून बघण्यासारखा आहे. बंद केलेले नमुने अंधारात ठेवा आणि ठरावीक दिवसांनी फक्त डार्क करंट मोजत राहा. ईक्यूई बरेच दिवस जागची हलत नाही, बिघाडाची पहिली खबर डार्क करंटच देतो. दोन आणि तीन घटकांचे नमुने एकाच डबीत, शेजारी शेजारी ठेवायचे, म्हणजे दोघांना हवा सारखीच मिळेल. चतुर्थीच्या सुट्टीला जाण्याआधी एक माप आणि परतल्यावर एक, एवढ्यातही तीन घटकांचा ब्लेंड आपली मांडणी टिकवून आहे की पुन्हा फुटायला लागलाय ते कळतं. फुटत असेल तर प्रमाण निम्म्यावर आणून मालिका पुन्हा लावा.